जुनं बाथरूम कमी खर्चात नवं करायचं, तर आधी सांधे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १५-२० वर्षांचं बाथरूम, टाइलमधले सांधे काळे पडलेत, एका भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात ओल आहे, नळ ठिबकतो. सगळं फोडून नव्याने करण्याइतके पैसे नाहीत. मग तोडफोड न करता काय काय होईल, आणि हातात आहेत ते पैसे आधी कुठे घालावेत?

जुन्या बाथरूममध्ये टाइल सहसा ठणठणीत असते. कळकट दिसतात ते सांधे, कोपरे, नळाच्या मागच्या चकत्या, दिवा आणि छत. पाणी शिरतं तेही याच ठिकाणांहून. म्हणजे दिसण्यावरचा खर्च आणि गळतीवरचा खर्च बऱ्याच अंशी एकच आहे. अट एवढीच, की ओल नेमकी कुठून येते हे कळेपर्यंत एकही वस्तू विकत घ्यायची नाही.

ओलीला कारणं बहुतेक वेळा तीनच: दाबाखालची पाण्याची लाइन, सांडपाण्याची लाइन, किंवा फरशीच्या वरून झिरपणारं पाणी. चाचण्या एकेक करून, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून घ्या, कारण ओल उशिरा दिसते. तिन्ही एकाच दिवशी उरकल्या तर काहीच कळत नाही.

पहिल्यांदा घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद करा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन तासांनी आकडा हलला असेल तर लाइन गळतेय. मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. बाथरूम चार दिवस वापरलं नाही तरी ओल तशीच राहते, हेही लाइन गळत असल्याचं लक्षण. दुसऱ्या चाचणीत फरशी पूर्ण कोरडी ठेवून नळीने दोन-तीन बादल्या पाणी थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या वाटीच्या) भोकात सोडा. यानंतर ओल वाढली तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा त्याच्या पुढच्या पाइपात. तिसरी चाचणी पाणी साठवण्याची. ट्रॅपचं तोंड बुचाने घट्ट बंद करून फरशीवर २०-२५ मिमी पाणी उभं करा. पातळी उंबऱ्याच्या खालीच राहायला हवी. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि २४ तास थांबा. इथे बहुतेकांची एक चूक होते. पाणी थोडं आपोआप उडून जातं, ते गळतीत धरलं जातं. म्हणून त्याच पाण्यात एक सपाट तळाचं स्टीलचं भांडं ठेवा, त्यात पाणी भरून आतून खूण करा. भांड्यातली आणि फरशीवरची पातळी सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन. फरशीवरचं जास्त उतरलं तर आधी बूच तपासा. बूच घट्ट असेल तर फरशी गळतेय असं समजा.

आता टाइल ठोकून बघा. नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये हलके ठोके द्या. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक पाच मिनिटांत कानाला कळायला लागतो. पोकळ टाइलवर खडूने फुली मारा. भिंतीवर चार-पाच फुल्या विखुरलेल्या असतील तर फारसं बिघडत नाही. फरशीवर ट्रॅपभोवती किंवा सलग पट्ट्यात फुल्या आल्या, तर त्या टाइलखाली पाणी साठतंय. तिथे वरून कितीही सांधे भरले तरी उपयोग नाही.

यावरून मोठा निर्णय ठरतो. साठवणीच्या चाचणीत पाणी उतरत नाही आणि फरशी भरीव वाजते, तर काहीही फोडू नका. पाणी थोडं उतरतंय पण टाइल भरीव आहेत, तर सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) आणि कोपऱ्यांत सिलिकॉन (रबरासारखं लवचिक सील) भरून पुन्हा चाचणी घ्या. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पाणी उतरतंय आणि फरशी पोकळ वाजतेय, तर मात्र फरशी फोडावी लागेल. पण फरशीच, अख्खं बाथरूम नव्हे. फरशी आणि भिंतीची सर्वांत खालची एक रांग काढली की पुरतं, कारण वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान १५० मिमी चढवायचा असतो आणि त्याला तेवढी जागा मिळते. वरच्या भिंती तशाच राहतात. खालच्या रांगेला मुद्दाम वेगळ्या रंगाची टाइल लावली तर जुन्या-नव्याचा मेळ बसवण्याचा प्रश्नही येत नाही. जुन्या रंगाशी ‘जवळपास जुळणारी’ टाइल शोधण्यात वेळ घालवू नका. अर्ध्या छटेचा फरक डोळ्याला सतत खुपतो, ठळक फरक खुपत नाही.

फरशी फोडलीच तर क्रम असा: जुना मसाला खरवडून तळ साफ करणं, ट्रॅप पक्का बसवणं, भिंत आणि तळ मिळतात तिथे मसाल्याचा वाटा (कोपऱ्यातला गोलसर उतार) मारणं, मग पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, आणि मध्ये डब्यावर लिहिलेली वेळ पूर्ण जाऊ द्यायची. ट्रॅपच्या गळ्याभोवती आणि कोपऱ्यांत ओल्या थरात फायबरची जाळी दाबून बसवा. गळती परत सुरू होते ती याच दोन जागी. थर वाळला की टाइल लावण्याआधी पुन्हा २४ ते ४८ तास पाणी उभं करा. गवंडी घाई करतील, तरी ही चाचणी सोडू नका. टाइल लावताना ढाळ मीटरला १० ते १२ मिमी, ट्रॅपच्या दिशेने. यापेक्षा कमी दिला तर पाणी रेंगाळतं, फार जास्त दिला तर मोठ्या टाइलच्या कडा वर-खाली होतात.

बहुतेकांना एवढं करावं लागत नाही. त्यांच्या बाथरूमचं रूप पालटतं ते सांध्यांच्या कामाने, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

नवं ग्राउट जुन्याच्या वर लिंपू नये. एक-दोन मिलिमीटरचा थर नखाने निघतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पोपडे धरतो. टाइल ८ मिमी जाड असेल तर जुनं ग्राउट निदान ५ मिमी खोल काढायला हवं. त्यासाठी हाताची ग्राउट खरवडणी चालते. फरशी मोठी असेल तर थरथरत्या पात्याचं मशीन दिवसभराच्या भाड्याने घ्या. ग्राइंडरची फिरती चकती नवशिक्याने लावू नये, एक क्षण हात हलला की टाइलच्या कडेचा ग्लेझ उडतो आणि तो परत येत नाही. मास्क आणि चष्मा लावा, धूळ बारीक असते. खरवडून झालं की ब्रशने आणि व्हॅक्यूमने सांधे साफ करा. पाण्याने धुतलं असेल तर निदान एक दिवस वाळू द्या.

आणि ॲसिड वापरू नका. टाइल चकचकीत करायला ॲसिड ओतायची सवय अनेक घरांत असते, आणि सांधे लवकर मरतात त्याचं ते एक मोठं कारण. ॲसिड सिमेंटचं ग्राउट खातं, नळाचा मुलामाही खातं. ॲसिड आणि ब्लीच असलेलं क्लीनर एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सामान किती लागेल याचा हिशेब करूनच जा. ३०० × ३०० मिमीची टाइल असेल तर एका चौरस मीटरला साधारण ६.७ मीटर सांधा येतो. ४ चौरस मीटर फरशीला सुमारे २७ मीटर. सांधा ३ मिमी रुंद आणि ५ मिमी खोल धरला, तर ग्राउट लागतं ६५० ग्रॅमच्या आसपास. वाया जाणारं धरून १ किलो पुरे. दुकानात अंदाजाने तीन-चार किलो गळ्यात मारलं जातं, आणि इपॉक्सी महाग असतं.

माझा सल्ला: फरशीला आणि शॉवरखाली भिजणाऱ्या भिंतीला इपॉक्सी, बाकीच्या भिंतींना पॉलिमर असलेलं सिमेंट ग्राउट. व्हाइट सिमेंट भरून सांधे करायची पद्धत स्वस्त वाटते, पण ते पाणी आणि साबण शोषून वर्षभरात पिवळं-काळं पडतं. पैसे तिथेच दोनदा जातात.

सिमेंट ग्राउट कालवताना पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच. पातळ केलं की पसरायला सोपं जातं, पण वाळल्यावर भुसभुशीत होतं आणि रंगाचे डाग उठतात. कालवून ५-१० मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा, वर पाणी घालू नका. रबरी थापीने सांध्याला तिरकं, ४५ अंशांत दाबत भरा. १५ ते ३० मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने, सांध्याला आडवा-तिरका हात फिरवत पुसा. सांध्याच्या दिशेनेच पुसलं तर स्पंज भरलेलं ग्राउट उकरून बाहेर काढतो.

इपॉक्सी वेगळं असतं. रेझिन आणि हार्डनर मिसळले की हातात साधारण अर्धा तास असतो, उन्हाळ्यात त्याहून कमी. एका वेळी दीड-दोन चौरस मीटरपुरतंच कालवा, आणि किट निम्मं करायचं तर दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजून. डोळ्यांनी केलेली वाटणी चुकली तर ग्राउट चिकट राहतं, कधीच घट्ट होत नाही, आणि मग सगळं उकरून काढावं लागतं. टाइलवर राहिलेला पातळ थर लगेच ओल्या पांढऱ्या स्क्रबरने हळू हाताने काढा. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर तो टाइलचाच भाग झाला म्हणून समजा. चालायला २४ तास, आणि पाणी साठवून चाचणी घ्यायला सात दिवस थांबा.

कोपऱ्यांत ग्राउट भरू नका. भिंत आणि फरशी, भिंत आणि भिंत, बेसिन आणि भिंत हे वेगवेगळे भाग तापमानाने आणि भाराने थोडे थोडे हलतात. ग्राउट ताठ असतं, त्यामुळे तिथे केसाएवढी भेग पडतेच. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यातल्या ओलीचं मूळ पुष्कळदा हीच भेग असते. तिथे सिलिकॉन हवं, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन. ॲक्रिलिक सीलंट स्वस्त असतं आणि त्यावर रंग चढतो, पण सतत भिजणाऱ्या जागी ते टिकत नाही. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन टाइल-काचेला चालतं. संगमरवर, ग्रॅनाइट किंवा आरशाच्या मागे मात्र न्यूट्रल (असा उग्र वास नसलेल्या) प्रकारचंच घ्या, नाहीतर दगडाच्या कडेला डाग आणि आरशाला काळी किनार येते.

सिलिकॉनचं काम असं करायचं. जुनं सिलिकॉन कटरने दोन्ही बाजूंनी कापून पूर्ण काढा. जुन्यावर नवं चिकटत नाही, अगदी पातळ थरही राहता कामा नये. स्पिरिटने पुसा, वाळू द्या. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ५-६ मिमी सोडून मास्किंग टेप लावा. नळकांड्याचं तोंड तिरकं कापा, भोक सांध्याएवढंच. बंदूक एकसारख्या वेगाने चालवा, मध्ये थांबलात की गाठ येते. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकाच ओढीत सरळ फिरवा. बोट दोनदा फिरवलं की वरची साय फाटते. टेप लगेच, सिलिकॉन ओलं असतानाच, कोपऱ्यापासून बाहेर तिरकी ओढून काढा. साबणाचं पाणी आधी भिंतीवर शिंपडू नका, ते सिलिकॉनच्या मागे गेलं की तिथे कधीच चिकटत नाही. ३०० मिलीच्या एका ट्यूबमध्ये ५ × ५ मिमीच्या सांध्याची साधारण १२ मीटर लांबी होते. छोट्या बाथरूमला एक ट्यूब पुरते, दुसरी हाताशी असू द्या. पुढचे २४ तास बाथरूम बंद. घरात एकच बाथरूम असेल तर हे काम कधी करायचं ते आधीच ठरवा.

कमोडच्या बुडाभोवती सिलिकॉन लावताना मागच्या बाजूला बोटभर फट मोकळी ठेवा. आतली सील गळायला लागली तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसतं. सगळीकडून बंद केलं तर ते फरशीखालीच जिरत राहतं.

नळ. तोंडातून ठिबकत असेल तर वायसर (रबरी चकती) किंवा कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा आतला भाग) गेलंय, मुठीच्या बुडातून पाणी येत असेल तर ओ-रिंग (रबरी कडं). अख्खा नळ बदलायची गरज क्वचितच पडते. सिंगल लिव्हर नळात बहुधा ३५ किंवा ४० मिमीचं सिरॅमिक कार्ट्रिज असतं. जुनं काढून तेच घेऊन दुकानात जा, फोटोवरून आणलेलं हमखास चुकतं. बसवण्याआधी कॉक क्षणभर उघडून लाइनमधला कचरा वाहू द्या. नव्या कार्ट्रिजमध्ये वाळूचा एक कण अडकला की नळ पहिल्याच आठवड्यात पुन्हा ठिबकतो. धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, अनेकदा तेवढंच लागतं.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून १०-१२ वेढे द्या. उलट गुंडाळली तर फिटिंग आवळताना टेप सुटते. धातूची फिटिंग प्लास्टिकच्या आट्यांत कधीही ताकद लावून आवळू नका. प्लास्टिक त्याच दिवशी तडकत नाही, काही आठवड्यांनी रात्री तडकतं. नळाच्या जागी पितळी आटे असलेली फिटिंगच हवी. भिंतीतली लाइनच गळत असेल तर भिंत फोडून ती दुरुस्त करण्यापेक्षा जुनी बंद करून कोपऱ्यातून उघडी सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाची) लाइन फिरवणं बरंच स्वस्त पडतं. गरम पाण्याचा ३ मीटर पाइप ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिमी लांबतो. क्लिपा जागेवर घट्ट आवळल्या तर पाइप वाकतो, कुरकुरतो. त्याला सरकायला जागा ठेवा.

फ्लशची टाकी गळतेय का हे बघायला टाकीत थोडा खाद्यरंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी सील बदला, दहा मिनिटांचं काम.

टाइलवर टाइल लावण्याचं सध्या फार ऐकू येतं. भिंतीवर चालतं, पण जुनी टाइल शंभर टक्के भरीव हवी आणि पॉलिमरयुक्त टाइल ॲडेसिव्ह हवं. सिमेंटच्या रब्द्यावर व्हिट्रिफाइड टाइल धरत नाही, कारण ती पाणी जवळजवळ शोषतच नाही. लोक विसरतात ते जाडीचं गणित: टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून १२ ते १५ मिमी वाढतात. भिंतीतल्या डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या झडपेच्या) बॉडीवर किती खोलवर बसायला चालेल याची खूण असते. एवढी जाडी वाढली की मूठ आणि चकती बसतच नाही. स्विचबोर्ड खोलात जातात. फरशीवर केलं तर दार घासतं, उंबऱ्याची उंची कमी होते, ट्रॅपची जाळी खड्ड्यात जाते. गळती न थांबवता फरशीवर टाइल चढवणं हा शुद्ध पैशांचा अपव्यय आहे.

टाइलला रंग देणं हा त्याहून स्वस्त पर्याय, दोन घटकांच्या इपॉक्सी टाइल पेंटने. फक्त भिंतीला, आणि सतत पाणी उभं राहतं तिथे नाही. रंग निघतो तो जवळपास नेहमी साबणाच्या थरामुळे. तेलकटपणा काढणाऱ्या साबणाने दोनदा धुवा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारा, स्पिरिटने पुसा, मग दोन पातळ हात. आधी दाराआडच्या एका टाइलवर करून बघा. दोन दिवसांनी चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, रंग सोबत आला तर तयारी कमी पडली. फरशीला हा रंग देऊ नका, कितीही ‘फ्लोअर’ लिहिलेला असला तरी.

छत काळं पडत असेल तर रंगाआधी हवेचं बघा. १.५ × २.५ मीटर, उंची २.५ मीटर म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ घनमीटर हवा. तासाला दहा वेळा बदलायची तर ताशी ९५ घनमीटरचा पंखा हवा, छोटा एक्झॉस्टही तेवढं ओढतो. पण दाराखाली १५-२० मिमी फट नसेल तर बाहेरची हवा आत येणार कुठून? पंखा नुसता गुरगुरत राहतो. विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि गीझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं विजेच्या गळतीपासूनचं संरक्षण (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का ते त्याच फेरीत बघून घ्या. हा खर्च टाळू नये.

एकूण पैशांतले १५-२० टक्के बाजूला ठेवा, भिंतीआड काय निघेल ते आधी सांगता येत नाही. कामाचा क्रम: गळती, मग पाइप, वीज, टाइल, छताचा रंग, ग्राउट, सिलिकॉन, शेवटी नळ-आरसा-दिवे. दोन गोष्टी उलट्या केल्या की आधीचं काम खराब होतं.

स्वयंपाकघरातही हेच तंत्र. तिथे सिंकची कड आणि ओट्याचा सांधा आधी बघा, कारण सिंकखालचा प्लायवूड फुगतो तो याच फटीतून ठिबकलेल्या पाण्याने. खालचं कपाट रिकामं करून तळावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा, सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडून द्या आणि टॉर्च लावून बघा. कागदावर थेंब कुठे पडले ते लगेच कळतं: वेस्ट कपलिंगखाली (सिंकच्या भोकातल्या जोडाखाली), ट्रॅपच्या चकतीखाली, की सिंकच्या कडेला. कपाटाची दारं लटकत असतील तर दार नव्हे, बिजागरं बदला. बिजागराचा दारात बसणारा गोल कप ३५ मिमीचा असेल तर नवं बिजागर जुन्याच खड्ड्यात बसतं, फक्त दार चौकटीवर पूर्ण येतं, अर्धं येतं की आत बसतं हे बघून त्या प्रकारचं आणा. स्क्रूची भोकं ढिली झाली असतील तर त्यांत फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून, वाळल्यावर पुन्हा स्क्रू मारा.